वीतभर पुढे

३ मार्च

मायना काय लिहावा ते ठरेना, म्हणून तेवढी जागा सोडली आहे.

तुमच्या समितीच्या अध्यक्षांचा फोन आला होता. डोंगरावरच्या केंद्रात तू बसवलेलं घड्याळ खालच्या प्रयोगशाळेतल्या घड्याळापुढे जितकं पळायला हवं त्याहून जास्त पळतंय, असं ते म्हणाले. घड्याळावरून उंची काढली तर वरचं केंद्र माझ्या आकड्यापेक्षा वीतभर उंच भरतं. दीड हजार मीटरच्या चढात एक वीत.

"साहेब, तुमचा आकडा पक्का आहे असं एका ओळीत लिहून द्या," ते म्हणाले. "म्हणजे आम्ही निर्णय घ्यायला मोकळे."

कसला निर्णय, मी विचारलं.

"घड्याळ खाली आणायचं. प्रयोग बंद करायचा. जे घड्याळ असं भरकटतं त्यावर अजून किती वर्षं घालवायची?"

ते घड्याळ कोणाचं आहे हे त्यांना ठाऊक आहे. माझी मुलगी कोण हेही ठाऊक आहे. तरी आवाज अगदी साधा होता.

ओळ देतो म्हणालो. अजून दिलेली नाही. तुझी आई म्हणाली, आधी तिला लिहा. तुला फोन तिला करता येतो. मला करता येत नाही, म्हणून पत्र.

आधीच सांगतो: आकडा बरोबर आहे. ती उंची मी दोन उन्हाळे रस्त्याने उचलत वर नेली. लेव्हलची दुर्बीण लावायची, मागे उभी केलेली पट्टी वाचायची, पुढची वाचायची, सगळं उचलून पुढे सरकायचं. वर पोचल्यावर दुसऱ्या माणसाने तीच वाट मोजत उतरायची, आणि माझे आकडे त्याला दाखवायचे नाहीत. आमच्या दोघांच्या उत्तरात बोटाच्या पेराइतकाही फरक नव्हता. उपग्रहाने काढलेली उंची अशा डोंगरात वीत-दीड वीत इकडेतिकडे धरतात. या भांडणात तिचा उपयोग नाही. एका बाजूला माझी पट्टी, दुसऱ्या बाजूला तुझं घड्याळ.

आणि एक गोष्ट. आमच्या छावणीत लंबकाचं एक घड्याळ होतं. खाली ते बरोबर चालायचं. वर नेलं की दिवसाला दहा-बारा सेकंद मागे पडायचं. वर पृथ्वीची ओढ कमी, म्हणून लंबक सुस्तावतो. हे शाळेतल्या पोरालाही कळतं. घड्याळ डोंगरावर नेलं तर ते मागे पडायला हवं. तुझं पुढे पळतं. याचं काय उत्तर आहे?

तिथे थंडी असेल. कान झाकत जा.

बाबा


११ मार्च

तुझं उत्तर तुझ्या आईकडून कळलं. "बाबांना सांग, सही करा." एवढंच.

मला वाटलं होतं तू भांडशील. भांडणाची तयारी मी करून ठेवली होती. जुनी टिपणं काढली होती, चष्मा बदलून आणला होता. आणि तू म्हणतेस सही करा.

तुझी आई म्हणाली, "अहो, तुम्हाला हवं तेच म्हणतेय ना ती? मग तोंड का पाडून बसलात?"

तोंड पाडलं नव्हतं. विचार करत होतो.

अध्यक्षांनी परत फोन केला. एका ओळीचं काम आहे, साहेब. बैठक नऊ एप्रिलला आहे. मी म्हणालो, माझ्या वयाला ओळ लिहायलाही वेळ लागतो. ते हसले. मी हसलो नाही.

माझ्या निरोप समारंभाची आठवण निघाली. निघाली म्हणजे तुझ्या आईने काढली. तू तेव्हा आमच्याच मोजणी खात्यात होतीस आणि ते सोडून घड्याळांच्या मागे लागणार होतीस. व्यासपीठावर उभी राहून तू म्हणालीस, "अजून वीस वर्षांनी डोंगराची उंची मोजायला कोणी डोंगर चढणार नाही. वर एक घड्याळ ठेवलं की काम झालं." आणि मी उत्तराच्या भाषणात म्हणालो, "घड्याळात वेळ बघतात, उंची नाही. खातं सोडण्याआधी एवढं तरी शिकून जा." सगळे हसले. टाळ्याही पडल्या. तू न जेवता निघून गेलीस आणि त्यानंतर तुझा आवाज मी फक्त दुसऱ्या खोलीतून, तुझ्या आईच्या फोनमधून ऐकला आहे.

वाक्य वाईट नव्हतं. आजही मला तसंच वाटतं. पण ते तिथे म्हणायचं नव्हतं, असं तुझी आई म्हणते.

लंबकाचं उत्तर तू दिलं नाहीस.

बाबा


२० मार्च

काल तुझा सहकारी घरी येऊन गेला. तो उंच, दारातून येताना मान झुकवणारा. तू पाठवलं नव्हतंस असं त्याने दोनदा सांगितलं. एकदा सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला असता.

माझी मूळ टिपणं बघायची होती त्याला. बघ म्हणालो. तो तासभर बघत बसला. चहा गार झाला, तुझ्या आईने दुसरा केला, तोही गार झाला. शेवटी टिपणं मिटून म्हणाला, "काका, यात मला काही सापडत नाही."

"सापडणार नाही," मी म्हणालो. "आता माझ्या लंबकाचं सांग."

मुलगा हुशार आहे. फळीवरचं गजराचं घड्याळ उचलून त्याने जमिनीवर ठेवलं. "समजा तुमच्याकडे अशी दोन अचूक घड्याळं आहेत. एक जमिनीवर, एक त्याच्यावर मीटरभर उंच. वरचं पुढे जाईल."

"किती?"

"विश्व सुरू झालं तेव्हापासून दोन्ही चालू असती, तर आत्तापर्यंत पाऊण मिनिटाने."

तुझी आई दारात उभी होती. "एवढ्यासाठी पोरीने घर सोडलं?"

"काकू, पाऊण मिनिट हे मीटरभराचं. मॅडमचं घड्याळ त्यातली एक वीत ओळखतं."

"म्हणजे ती तिथे वर राहून लवकर म्हातारी होणार?"

"होणार, पण तुम्हाला कळणार नाही इतकी."

"मला कळेल," तुझी आई म्हणाली आणि आत गेली.

मी त्याला सोडलं नाही. वर ओढ कमी, हे कबूल ना? कबूल, म्हणाला. मग एकच कमी ओढ माझा लंबक मागे पाडते आणि तुझं घड्याळ पुढे नेते, हे कसं? तो म्हणाला, "काका, लंबक ओढीवर चालतो. ओढ बदलली की त्याची चाल बदलते. तो बिघडतो म्हणा ना. आमच्या घड्याळात हलणारं काही नाही. उजेडाच्या जाळ्यात धरलेले अणू आहेत. ते वरही तसेच आणि खालीही तसेच. तिथे चालीत जो फरक पडतो तो घड्याळाचा नाही, वेळेचाच आहे. आणि तो ओढ किती आहे त्यावर ठरत नाही. त्या ओढीविरुद्ध तुम्ही किती चढलात, त्यावर ठरतो."

मी त्याला हे वाक्य पुन्हा म्हणायला लावलं.

ओढीविरुद्ध किती चढलात. मी आयुष्यभर दुसरं काय मोजलं? लेव्हलच्या नळीतला बुडबुडा मध्ये आला म्हणजे पृथ्वीची ओढ सरळ खाली आहे एवढंच तो सांगतो, आणि तिथून मी पुढची पट्टी वाचतो. पायरी पायरी करत, ओढीविरुद्ध. दोन उन्हाळे. तू तेच एका खोलीत बसून मोजतेस. वेगळं काही मोजत नाहीस. मला इतकी वर्षं वाटत होतं की वेगळं काहीतरी आहे.

हे मला आधी कळायला हवं होतं. निदान विचारायला हवं होतं.

जाताना तो चपला घालता घालता एक गोष्ट बोलून गेला. मी ती विचारली नव्हती. या हिवाळ्यात तू घड्याळ तीन वेळा उघडलंस, म्हणाला. भिंतींची उष्णता तपासली, उजेड तपासला, चुंबकाची ओढ तपासली, खालच्या घड्याळाकडून येणारी तार बदलली. दर वेळी तीच वीत. शेवटी तो तुला म्हणाला, मॅडम, आपण एकदा त्या जुन्या मोजणीतच चूक शोधूया का? त्यावर तू त्याच्यावर ओरडलीस. "त्या आकड्याला हात लावायचा नाही. तो बाबांनी मोजलाय. चूक माझ्यात आहे, आणि ती मीच शोधीन."

"त्या दिवशी पहिल्यांदाच मॅडमना ओरडताना ऐकलं," तो म्हणाला.

तो गेल्यावर मी गॅलरीत थोडा वेळ उभा होतो. वारा होता. तुझी आई म्हणाली, "वारा उजवीकडून येतोय, आणि पाणी दोन्ही डोळ्यांत?"

हे पत्र लिहायला वेळ लागला.

बाबा


२७ मार्च

बुडबुडे,

लहानपणी लेव्हलच्या नळीतला बुडबुडा मध्ये येऊन थांबला की तू टाळ्या वाजवायचीस, म्हणून हे नाव पडलं. तुला ते आवडायचं नाही. दुसरा मायना मला अजूनही सुचलेला नाही.

मी असा विचार केला. तुझ्या जागी दुसरं कोणी असतं तर मी म्हटलं असतं, घड्याळ बिघडलंय, आणि सही करून मोकळा झालो असतो. पण हे घड्याळ ज्या बाईने तीन वेळा उघडलं तिला मी ओळखतो. सातवीत असताना खोलीची लांबी मोजायला सांगितली तर ती बाई भिंतीचं प्लास्टर दोन्ही टोकांना सारखं आहे का ते आधी बघत बसली होती. तिने तीन वेळा बघितलं म्हणजे तिथे काही नाही.

आणि माझ्या मोजणीत काही नाही हे मला माहीत आहे.

मग दोन्ही बरोबर आहेत असं धरून चाललं तर काय उरतं? मला हा प्रश्न आधी सुचला नाही, कारण आपण सगळे दोन्हींतलं एक खोटं आहे असं धरूनच बसलो होतो. अध्यक्षही, तूही, मीही.

तुझ्या सहकाऱ्याला फोन केला. हो, फोन केला. त्याला करता येतो. विचारलं, माझी खूण तिथे कुठे आहे? म्हणजे ती पितळी, भिंतीतली, जिच्यावर माझा आकडा कोरलाय आणि जिच्यापासून तुम्ही घड्याळाची उंची घेतलीत. तो म्हणाला, "दाराच्या डाव्या हाताला, पांढऱ्या भिंतीत."

मी ती काळ्या दगडात बसवली होती.

रंग दिला असेल. असेलही. दगडी भिंतीला लोक चुना लावतात. याहून जास्त आत्ता लिहीत नाही. न बघता लिहायची मला सवय नाही.

मी वर जातो आहे. डॉक्टर गुडघ्यांबद्दल काही म्हणाला, ते मी ऐकून घेतलं. जुन्या खात्यातून एक लेव्हल आणि एक पट्टी मागून आणली आहे. हल्लीच्या लेव्हलमध्ये आकडा आपोआप उमटतो. मी जुनी मागितली. तुझी आई पण येते आहे. मी म्हणालो, तिथे थंडी आहे, चढ आहे, तू काय करणार? ती म्हणाली, "तुमचे आकडे लिहून घ्यायला कोणी नको का? आणि तुम्ही वर कोसळलात तर खाली कळवायला?"

बैठकीआधीचा आठवडाभर तू खालीच असणार असं कळलं, तयारीला. म्हणजे भेट होणार नाही. तू मुद्दाम माझ्या तारखा टाळल्या नाहीस हे मला ठाऊक आहे. तुला तारखा कोणी सांगितल्याच नव्हत्या.

बाबा


८ एप्रिल, वरच्या केंद्रातून

बाळ,

तुझ्या टेबलावर बसून लिहितो आहे. टेबलावरचं काहीही हलवलेलं नाही. एक कप विसळला, त्यात बुरशी होती.

सगळं क्रमाने सांगतो, कारण उद्या तुला हे समितीपुढे क्रमाने सांगावं लागेल.

काल दुपारी पोचलो. खूण बघितली. माझीच आहे, अक्षरही माझं. पण भिंत माझी नाही. विटांची आहे, आणि नवी. केंद्राच्या रखवालदाराला बोलावलं. तो मला ओळखत होता. मी पहिल्यांदा आलो तेव्हा त्याचे वडील इथे रखवालदार होते.

"ही खूण इथे कशी आली?" मी विचारलं.

त्याचा चेहरा उजळला. "साहेब, तुम्ही विचाराल म्हणून मी किती वर्षं वाट बघतोय! भिंत पाडायला आले ना, तेव्हा गवंडी ही मोडीत टाकायला निघाले होते. मी आडवा पडलो. म्हटलं, ही साहेबांची खूण आहे, दोन उन्हाळे लागलेत तिला. मी स्वतः छिन्नीने सोडवली. एक ओरखडा नाही बघा. आणि नव्या भिंतीत स्वतः बसवली."

"कुठल्या उंचीला?"

"होती तेवढ्याच. जमिनीपासून मोजून घेतली होती ना आधी. काठी कापून ठेवली होती तेवढ्याच मापाची. एका केसाचाही फरक नाही, साहेब. उंचीची खूण आहे, एवढं कळतं आम्हाला."

"आणि जमीन?"

"जमीन नवी केली. यंत्रं येणार होती ना, हादरे बसू नयेत म्हणून जुन्या फरशीवरच जाड काँक्रीट ओतलं." त्याने हाताने जाडी दाखवली. अंगठा आणि करंगळी ताणून.

म्हणजे खूणही तेवढीच वर गेली होती. तुझी आई म्हणाली, "इतक्या प्रेमाने कोणी माझी एखादी वस्तू जपली असती तर बरं झालं असतं." रखवालदाराला ते कौतुक वाटलं. होतंच ते कौतुक.

त्याला मी सांगितलं नाही की त्याने काय केलंय. सांगावं लागेल, पण ते तू सांग, हळू. त्याच्यावर रागवावं असा तो माणूस नाही. त्याने माझ्या कामाचा जेवढा मान ठेवला तेवढा माझ्या खात्यानेही ठेवला नाही. भिंत पडतेय हे खात्यातल्या कोणी मला कळवलंसुद्धा नव्हतं.

पण त्याचं बोलणं म्हणजे मोजणी नव्हे. आमच्यात एक रीत होती. भिंतीत खूण बसवली की जवळच्या जिवंत कातळात आणखी तीन कोरायच्या. त्यांना आम्ही साक्षी म्हणायचो. त्यांच्यावर आकडा नसतो, नुसती एक आडवी रेघ; भिंतीतल्या खुणेपासून ती किती वर-खाली ते टिपणात लिहिलेलं असतं. त्या कोणी हलवू शकत नाही, कारण डोंगर हलवावा लागेल. आज सकाळी उन्हाआधी त्या शोधल्या. दोन शेवाळाखाली होत्या, तिसरीवर कोणीतरी चूल मांडली होती. रखवालदाराने पट्टी धरली, मी वाचलं, तुझी आई लिहीत होती. प्रत्येक आकडा ती मोठ्याने परत म्हणत होती, भाजीवाल्याशी घासाघीस करावी तशी. एकदा म्हणाली, "हा मघापेक्षा जास्त सांगताय, नीट बघा." नीट बघितलं. जास्तच होता, आणि बरोबर होता. जाताना मोजलं, येताना मोजलं. येताना लेव्हलवर तुझा सहकारी होता. माझे आकडे त्याला सांगितले नव्हते.

तिन्ही साक्षी एकमेकींशी जुळल्या. भिंतीतली खूण जिथे असायला हवी त्याहून वीतभर वर आहे; नेमकी किती ते या पत्रात लिहीत नाही. तुझ्या घड्याळानेही वीतच सांगितली होती.

मी लेव्हलपाशी दगडावर बसलो. गुडघ्यांमुळे नाही.

दीड हजार मीटर खाली दुसरं घड्याळ आहे. मधे सगळा डोंगर. तू रस्ता चढली नाहीस, पट्टी धरली नाहीस, कोणाची काठी बघितली नाहीस. अंधाऱ्या खोलीत काही अणू धरून ठेवलेस आणि त्यांनी सांगितलं की खालची जमीन वीतभर उचलली गेली आहे. इथे राहणाऱ्यांना ते कळलं नव्हतं. रोज त्या जमिनीवर चालणाऱ्यांना कळलं नव्हतं. आणि सगळे घड्याळाला खोटं म्हणत असताना तू त्याच्याकडून खरं वदवून घेण्यासाठी ते हिवाळाभर उघडत-मिटत राहिलीस, पण एकदाही ते हवं ते सांगेल असं फिरवलं नाहीस. वीत तुला सहज लपवता आली असती. तुझा सहकारी म्हणतो, एक लहानशी दुरुस्ती धरली असती तर कोणाला शंकाही आली नसती. तू ती वीत उघडी ठेवलीस आणि तिच्यापायी प्रयोग जाऊ द्यायला तयार झालीस.

मी चांगला मोजणीदार होतो. हे मी कोणाला विचारून म्हणत नाही. पण सगळं खातं विरोधात असताना एखादा आकडा असा उघडा ठेवायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. आली असती तर मी काय केलं असतं, सांगता येत नाही.

मग तुझ्या सहकाऱ्याला म्हणालो, घड्याळ दाखव. त्याने दाखवलं. बघायला काही नाही. पोलादी भांडं, तारा, काचेच्या खिडकीतून एक निळा ठिपका. तुझी आई म्हणाली, "काटे कुठे आहेत?" मी तिला म्हणालो, गप्प राहा जरा. आम्ही दोघं बराच वेळ त्या ठिपक्याकडे बघत उभे होतो.

मग अध्यक्षांना फोन केला. ओळ तयार आहे म्हणालो. लिहून घ्या. माझा आकडा बरोबर आहे, तिचं घड्याळ बरोबर आहे, खूण हललेली आहे.

ते म्हणाले, "साहेब, राग मानू नका. तुम्ही तिचे वडील आहात. या मोजणीवर आम्ही कसं विसंबायचं?"

"विसंबू नका," मी म्हणालो. "मीही विसंबलो नसतो. दुसरी माणसं पाठवा, माझे आकडे त्यांना दाखवू नका. साक्षी कुठे आहेत तेवढं सांगतो. पण ती माणसं येऊन मोजून जाईपर्यंत घड्याळाला कोणी हात लावायचा नाही, एवढं उद्या बैठकीत लिहून घ्या."

"तेवढं मान्य करावं लागेल," ते म्हणाले. आवाज त्या पहिल्या फोनसारखा साधा नव्हता.

म्हणजे घड्याळ राहतं. निदान तोवर. आणि त्यानंतरची मला चिंता नाही, कारण कातळावरच्या रेघा कोणीही वाचल्या तरी तेच सांगतील.

आता एक काम उरलं. भिंतीतल्या खुणेवर माझा आकडा आहे आणि तो आता तिथे खोटा आहे. खोटा आकडा असा चारचौघांत ठेवायचा नसतो. नवा कोरायला हवा. साक्षींवरून तो मला काढता येईल. काढलाही आहे, पण कोणाला सांगितलेला नाही. अध्यक्षांना मी म्हणालो की या खुणेचा नवा आकडा घड्याळावरून घ्या. पट्टीवाले येतील ते त्या आकड्याची पडताळणी करायला येतील. अशी रीत नाही, ते म्हणाले. मी म्हणालो, मग आजपासून पाडा.

तुझा सहकारी दुपारच्या गाडीने खाली निघतो आहे, त्याच्याकडे हे पत्र देतो. आमच्या मोजणीचे आकडेही देतो, पण वेगळ्या पाकिटात. तुझा आकडा पक्का लिहून झाल्याशिवाय ते पाकीट उघडू नकोस.

आम्ही दोघं इथेच थांबतो आहोत. रखवालदाराने छिन्नी आणि हातोडी आणून ठेवली आहे, त्याने ती खूण सोडवली तीच छिन्नी. बैठक संपली की वर ये. आकडा तू सांग, कोरतो मी.

बाबा